चिंचोका लावलेला डबा: मराठी बोलतं बायबल, अकरा महिने वापरून

आधी कामाचं सांगते. हा हातात मावणारा डबा आहे, मराठी बायबल मोठ्याने वाचून दाखवतो. मागे सौर पॅनल आहे, वायर लावूनही चार्ज होतो. किंमत 2,650 रुपये, घरपोच. गेल्या फेब्रुवारीत घेतला, आता जानेवारी चालू आहे, आणि या अकरा महिन्यांत तो बंद राहिला असा दिवस क्वचितच गेला. वापरणारी मी नाही, माझी आई. वय वर्षं 86. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. आईला विचारलं तर ती म्हणाली, "वस्तूला कसले मार्क देतेस? शाळा सुटली तुझी."

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण डब्यावर तेही नीट नाही. एक स्टिकर होतं, ते आईच्या अंगठ्याने एप्रिलपर्यंत पुसून काढलं. असेच दिसणारे डबे ऑनलाइन पाच नावांनी विकले जातात. तुमच्या हातात पडेल तो याचाच भाऊ असेल असं समजून वाचा.

आईच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याची झीज झालीय. मोतीबिंदू असता तर काढून टाकला असता, हे तसं नाही. समोरच्या माणसाचा चेहरा तिला दिसत नाही, पण कडेने कुणी गेलं की कळतं. त्यामुळे वाचन गेलं, वावर राहिला. अंगणातली अबोली ती अजून हाताने खुडते, पुस्तकातली ओळ मात्र पूर्ण गेली. ठळक अक्षरांचं बायबल आणलं, भिंग आणलं, भिंगाला दिवा असलेलं आणलं. शेवटी ती म्हणाली, "बाय, राहू दे. अक्षरं पळतात."

ती चौथी शिकलेली. लग्नाआधी आणि नंतरही पहाटेच्या गाडीने दादरला फुलं घेऊन जायची. तिच्या लहानपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये, फादरांची पाठ लोकांकडे, आणि घरात बायबल नावाचं पुस्तकच नाही. संध्याकाळची घंटा झाली की येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली गुडघे टेकून रोझरी, एवढीच घरची प्रार्थना. बायबल वाचतात ते "प्रोटेस्टंट लोक" असा तेव्हा समज होता, आणि तो फक्त आमच्याच घरात होता असं नाही. मग दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांची रोममधली मोठी सभा, झाली. 18 नोव्हेंबर 1965 ला दैवी प्रकटीकरणावरचा दस्तऐवज निघाला. सगळ्या श्रद्धावंतांनी पवित्र शास्त्र वाचावं आणि वाचनाला प्रार्थनेची जोड द्यावी, म्हणजे देव आणि माणूस यांचं बोलणं होईल, असं त्यात लिहिलं. आई तेव्हा 26 वर्षांची. त्या दस्तऐवजाचं नाव तिने आजवर ऐकलेलं नाही. तिला आठवतं ते एवढंच, की पुढे कधीतरी फादर लोकांकडे तोंड करून उभे राहिले आणि मराठीत बोलू लागले. त्यानंतर ती वाचायला लागली. चौथीच्या अक्षरओळखीवर, बोट ठेवून, ओठ हलवत. एका ओवीला जितका वेळ लागेल तितका.

ते बंद पडलं आणि ती गप्प गप्प राहायला लागली, म्हणून हा सगळा खटाटोप.

पहिल्यांदा फोनवर करून पाहिलं. दिवसाची वाचनं देणारी ॲप आहेत, चांगली आहेत, मी स्वतः वापरते. पण आईचं बोट शेतात राबलेलं, स्क्रीनला ते बोट आहे हे कळतच नाही. तीनदा दाबलं तर काही होत नाही, चौथ्यांदा दाबलं तर माझ्या मस्कतच्या भावाला फोन लागतो. मग यूट्यूबवर लावून दिलं. येशू गेथशेमानी बागेत रक्ताचा घाम गाळतोय आणि मध्येच एक पुरुष उत्साहाने ओरडला, "एनए प्लॉट, हायवेला लागून!" आई दचकली. मग हळूच म्हणाली, "कितीला देतोय?" यूट्यूब त्या दिवशी संपलं.

डबा भावाने शोधला, पैसेही त्यानेच भरले. पार्सल आलं, मी बटण दाबलं आणि डबा धबधब्यासारखा मल्याळममध्ये सुरू झाला. आत कार्डच मल्याळमचं. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, भाषा बदलायचं बटण दाबा. तसं बटणच नाही. फोटो पाठवा म्हणाला. आवाजाचा फोटो कसा काढतात ते मला 31 वर्षं शाळेत शिकवूनही माहीत नाही. व्हिडिओ पाठवला. बदलून यायला बारा दिवस लागले. तेवढ्यात आईने मल्याळममधला एक अख्खा अध्याय ऐकून घेतला होता. "कळत काही नाही," म्हणाली, "पण माणूस मनापासून वाचतोय." अर्धा तारा या बारा दिवसांसाठी कापला.

आता डब्याबद्दल. समोर जाळी, जाळीखाली पाच बटणं: चालू-बंद, पुढचं पुस्तक, पुढचा अध्याय, आवाज, आणि थांबा-चालू. पाचही बटणं सारखी, एकाच आकाराची, एकाच रबराची. हे कुणी केलं असेल? ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी म्हणून विकायचं आणि बोटाला फरक कळू नये अशी रचना करायची! माझा उपाय सांगते, फुकट आहे. चिंचोका खलबत्त्यात हलकेच फोडून अर्धा करायचा आणि सपाट बाजू फेविक्विकने थांबा-चालू बटणावर चिकटवायची. गुळगुळीत, गोल, बोटाला लगेच सापडतो. चालू-बंद बटणावर खडबडीत म्हणून तांदळाचा दाणा लावला होता, तो मुंगीने नेला की सुटून पडला देव जाणे. चिंचोका अकरा महिने टिकलाय.

या चिंचोक्यामुळे या लेखातलं पुढचं सगळं घडलं.

डब्याचा सगळ्यात मोठा दोष: तो काही लक्षात ठेवत नाही. बंद करून परत चालू केला की पुन्हा नव्या कराराच्या पहिल्या पानावर. म्हणजे मत्तय, अध्याय पहिला, येशूची वंशावळ. अमक्यापासून तमका झाला, तमक्यापासून ढमका झाला. मला या दोषाचा इतका राग यायचा की मी पुढचा अध्याय दाबून टाकायची. मी घरात नसले की आई मात्र ऐकत बसायची. रोज. महिनाभर. मिस्सेला 17 डिसेंबरला हेच शुभवर्तमान (येशूच्या चरित्रातलं वाचन) असतं आणि वाचता वाचता फादरांचीसुद्धा दमछाक होते. आईला ते मार्चमध्येच पाठ झालं.

एका दुपारी मी भाजी निवडत होते. डबा चालू होता आणि आईने चिंचोका दाबला. शांतता. मग विचारते, "यात बायका किती?"

मी म्हटलं, मरिया.

"ती शेवटी. त्याआधी?" आणि तिनेच मोजल्या. तामार, राहाब, रूथ. "आणि एक उरियाची बायको. तिला नाव नाही का गं?"

आहे. बथशेबा. दावीद राजाने जिच्या नवऱ्याला लढाईत पुढे उभं करून मारवलं, ती. मत्तय तिचं नाव घेत नाही, उरियाची बायको एवढंच म्हणतो. मी शाळेत शिकवलं, चर्चमध्ये वीस वर्षं वाचन केलं, बायबलचा कोर्स केला, प्रमाणपत्र आहे कपाटात. चार बायका असतात हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण "तिला नाव नाही का" हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. आई म्हणाली, "दादरच्या बाजारात मलाही वीस वर्षं कुणी नावाने हाक मारली नाही. अमक्याची बायको आली, वजन करा." मग थोडा वेळ तशीच बसली. ओठ हलत होते. काय म्हणत होती ते मी विचारलं नाही. परत चिंचोका दाबला, डबा पुढे गेला.

(ती हे सगळं आमच्या वसईकडच्या सामवेदी बोलीत बोलते. मी इथे मराठीत उतरवतेय, त्यात निम्मी मजा जाते.)

दुसरा प्रसंग स्तोत्राचा. आईला तेविसावं स्तोत्र हवं होतं. डब्यावर जुन्या करारात गेलं की उत्पत्तीपासून सुरुवात. स्तोत्रसंहिता हे एकोणिसावं पुस्तक, म्हणजे पुस्तकाचं बटण 18 वेळा. मग अध्यायाचं 22 वेळा. एकूण 40. एखादं दाबणं जास्त झालं तर परत पहिल्यापासून, कारण मागे जायचं बटण नाही. मी वैतागून म्हटलं, हे कुणा शहाण्याने बनवलंय! आई म्हणाली, "चाळीस ना? ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाचे दिवसही तेवढेच." आणि स्वतः मोजून दाबायला लागली. ते तिचं ठरूनच गेलं. प्रत्येक दाबण्याला डबा टुक् करतो, ती मोजते, आणि चाळिसाव्याला मेंढपाळ येतो. माझ्या मते हा डिझाइनचा दोष आहे आणि मी त्यासाठी एक अख्खा तारा कापलाय. आई त्याला रोझरीच्या मण्यांसारखं वापरते. आमचं यावर एकमत होणार नाही.

"परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." इथे चिंचोका. पुढचं हिरवं कुरण, शांत पाणी, मृत्युछायेची दरी, सगळं नंतर. तिचा तीन दिवस मुक्काम 'उणे' या शब्दावर होता. फुलांचा धंदा केलेल्या माणसासाठी हा शब्द तागडीतला आहे. व्यापारी पारडं वर धरून म्हणायचा, "मावशी, उणं आहे," आणि टोपलीतून मूठभर जास्त घालावी लागायची. ती म्हणाली, "उणं पडणार नाही म्हणतो. भरपूर देईन असं नाही म्हणत." मी म्हटलं, पुढे प्याला काठोकाठ भरलाय असं येतं की. "ते पुढे येतं. मी अजून इथेच आहे."

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे. गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामात (चर्चच्या हद्दीत) प्रायश्चित्तकाळात बुधवारी संध्याकाळी एक सिस्टर लेक्सिओ दिविना शिकवायला यायच्या. पवित्र शास्त्राचं प्रार्थनापूर्वक वाचन. बाराव्या शतकात फ्रान्समधल्या ग्रांद शार्त्रूझ मठाचा प्रमुख होता ग्विगो दुसरा, त्याने याच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवापाशी असणं. त्याने जेवणाचीच उपमा दिली. वाचन म्हणजे घास तोंडात घेणं, मनन म्हणजे तो चावणं, प्रार्थनेत त्याची चव उतरते आणि शेवटी उरते ती गोडीच. सिस्टर म्हणाल्या, जुने मठवासी यासाठी रवंथ हाच शब्द वापरायचे आणि शब्द ओठांनी, आवाज करून वाचायचे, कानाने ऐकत. मी वहीत सगळं टिपलं. चार रंगांच्या पेनांनी. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हैस खाते तेव्हा कुठे रवंथ करते? बसते तेव्हा करते." आमच्याकडे म्हैस होती तेव्हा ती पाहायला मी कधी बसले नव्हते.

माझं वाचनाचं दुखणं वेगळंच आहे. मी चर्चमध्ये वाचक. शब्द स्पष्ट, ओळीच्या शेवटी आवाज पाडायचा नाही, "हा प्रभूचा शब्द" म्हणण्याआधी दोन सेकंद थांबायचं. लोक मिस्सेनंतर येऊन सांगतात, बाई, छान वाचलंत. आणि काय वाचलं असं कुणी विचारलं तर मला पुस्तक उघडून बघावं लागतं. हा डबा माझ्यासारखाच आहे. उच्चार चोख, दम लागत नाही, थांबत नाही. चिंचोका लावला म्हणून बरं.

आवाजाबद्दल. वेगवेगळे कलाकार वेगवेगळी पात्रं बोलतात, मागे संगीत आहे. संगीत मला नको होतं. वादळ शमवण्याच्या प्रसंगात लाटा इतक्या जोरात आहेत की येशू काय म्हणाला ते ऐकूच येत नाही. निदान समुद्र शांत झाल्यावर तरी कळतं. गुड फ्रायडेला सकाळी योहानाचा अठरावा अध्याय लावला होता. येशूच्या शिष्याने, पेत्राने, त्याला ओळखत नाही असं तिसऱ्यांदा म्हटलं आणि डब्यातला कोंबडा आरवला. लगेच शेजारच्या परड्यातला खरा कोंबडा आरवला. मला हसू आवरेना, आणि गुड फ्रायडेला हसू नये म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. परत आले तर आईच्या डोळ्यांना पाणी होतं. डबा तिने कोंबड्यापाशीच थांबवलेला. त्याच अध्यायात पुढे किती काही आहे, पिलात आहे, बरब्बा आहे. ती त्या दिवशी कोंबड्याच्या पुढे गेलीच नाही.

आवाज मोठा केला की शेवटच्या दोन टप्प्यांवर जाळी थरथरते. आई नीट ऐकते, त्यामुळे आम्हाला अडलं नाही. कानाने कमी असलेल्यांनी आधी ऐकून मग घ्यावा.

भाषा जुनी आहे आणि कॅथलिक कानाला काही ठिकाणी खडे लागतात. चर्चच्या समुदायाला आपण ख्रिस्तसभा म्हणतो, डबा मंडळी म्हणतो. लूकच्या पहिल्या अध्यायात देवदूत मरियेला नमस्कार करतो तिथे आईने दर वेळी कान टवकारावेत आणि डब्याने दर वेळी "कृपापूर्ण" सोडून वेगळंच काही म्हणावं! "याने परत चुकवलं," असं ती म्हणते आणि नमो मरियेची प्रार्थना स्वतः म्हणून दुरुस्ती करते. मला वाटतं डब्यालाही आता सवय झाली असेल.

रोजच्या वाचनासाठी घेणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक म्हणजे डबा अध्याय ओळखतो, ओवी ओळखत नाही. मिस्सेचं वाचन बहुतेक वेळा अध्यायाच्या मधून उचललेलं असतं. नवा डबा आल्यावर पहिलाच सोमवार, 24 फेब्रुवारी, शुभवर्तमान मार्क 9:14 पासून. म्हणजे आधी येशू तेजाने झळकला तो रूपांतराचा डोंगर चढायचा आणि मग खाली त्या आजारी मुलाच्या बापापर्यंत यायचं. मला घाई होती. आईला नव्हती. ती म्हणाली, वर एवढा उजेड आणि खाली हा गोंधळ, दोन्ही एका दमात ऐकलं म्हणून तरी कळलं. हा मुद्दा मी दोषात धरला होता, आता कशात धरू?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे, आणि कॅथलिक घरात घेताना हे कुणी सांगत नाही. डब्यात 66 पुस्तकं आहेत, प्रोटेस्टंट बायबलसारखी. आपल्या बायबलमध्ये 73. तोबित, यहूदिथ, ज्ञानग्रंथ, बेनसिरा, बारूख आणि मक्काबीची दोन यात नाहीत. एस्तेर आणि दानीएल यांतलेही काही भाग नाहीत. एरवी कळत नाही. पण आठवड्याच्या दिवसांची पहिली वाचनं दोन वर्षांच्या चक्रात फिरतात, आणि विषम सालात सामान्यकाळाच्या (मोठ्या सणांचे काळ सोडून उरलेल्या वर्षाच्या) सातव्या-आठव्या आठवड्यात बेनसिरा असतो, उपासना-वर्षाच्या शेवटी ज्ञानग्रंथ आणि मक्काबी. 2025 विषम. म्हणजे त्याच सोमवारी, पहिल्याच दिवशी, पहिलं वाचन बेनसिराचा पहिला अध्याय आणि डब्यात ते नावच नाही. मी जुना करार पुढे-मागे (पुढेच, मागे जाता येत नाही!) धुंडाळत बसले. विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, मॅडम, बायबल पूर्ण आहे, गॅरंटी. त्याच्या दृष्टीने पूर्णच होतं, त्यात त्याला बोल नाही. पण जाहिरातीत 66 असा आकडा लिहायला शाई लागत नाही.

बॅटरी: सुरुवातीला नऊ तास, आता सहा. उन्हात पाच-सहा तास ठेवला की भरतो, म्हणून आई त्याला वालाच्या बियांशेजारी सुपात वाळत घालते. पावसाळ्यात वसईचं आभाळ तुम्हाला माहीत आहे. जून ते सप्टेंबर वायरच. वायर बरोबर येते, ती आखूड आहे. पाण्यापासून संरक्षण असल्याचा दावा मी तपासलेला नाही आणि तपासणारही नाही.

कुणी घ्यावा? ज्यांच्या घरी दिसेनासं झालेलं, पण ऐकू येणारं माणूस आहे, त्यांनी जरूर घ्यावा. सोबत कॅथलिक बायबल घरात हवंच. दिवसाचं नेमकं वाचन झटपट ऐकून कामाला पळायचं असेल तर फोन बरा. गाडीत, लोकलमध्ये उपयोग नाही, हेडफोनला भोक आहे पण ते सैल आहे. भेट म्हणून देणार असाल तर देताना चिंचोका लावून द्या.

आता हे सगळं आज का लिहायला बसले ते सांगते.

28 डिसेंबरला रविवार होता, पवित्र कुटुंबाचा सण. आईला सर्दी होती म्हणून चर्चला नेली नाही. माझं आठच्या मिस्सेला पहिलं वाचन होतं. आदल्या रात्री मी सराव करायला बसले. गेले काही महिने आई विसरायला लागलीय. मोठं काही नाही, पण त्या दिवशी सकाळपासून तिने तीनदा विचारलं होतं की केळीचा घड उतरवला का. तिसऱ्यांदा मी जरा तोडूनच बोलले होते.

"उद्याचं डब्यावर लाव," ती म्हणाली.

वाचन बेनसिरा, अध्याय 3. डब्यात नाही. "मग तू वाच."

मी वाचायला लागले. वाचकासारखं, स्पष्ट, आवाज न पाडता. जो आपल्या आईचा मान राखतो तो जणू ठेवा साठवतो, हे झालं, पुढे गेले. मुला, बापाच्या म्हातारपणी त्याला आधार दे, तो जिवंत असेपर्यंत त्याला दुःख देऊ नकोस. त्याची बुद्धी क्षीण झाली तरी...

आईचा अंगठा माझ्या मनगटावर आला. दाबला. डब्याचा चिंचोका दाबते तसाच.

मी थांबले. ट्यूबलाइटचा आवाज येत होता. तिचे ओठ हलत नव्हते, ती नुसती बसली होती, तोंड माझ्याकडे नाही, थोडं बाजूला. तिला कडेनेच दिसतं. किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही. मग अंगठा परत दाबला.

"त्याची बुद्धी क्षीण झाली तरी सांभाळून घे," मी वाचलं.

"परत वाच," आई म्हणाली.

वाचलं.

थोड्या वेळाने म्हणाली, "बाय, केळीचा घड उतरवला का?"

"उतरवला, आई. माजघरात टांगलाय. दोन दिवसांत पिकेल."

"बरं. मग परत वाच ते."